उजेडाची वाटणी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)

घरांचा प्रश्न निघाला की आपली चर्चा चौरस फुटांपाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. आज मी दोन इमारतींमधील मोकळ्या जागेविषयी बोलणार आहे. ही जागा कोणाच्याच नावावर नसते, म्हणून पहिला बळी तिचा जातो. त्याची किंमत मोजतात ती खालच्या मजल्यांवरील कुटुंबे.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९८ मध्ये सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. परकीय सरकारला गिरणी कामगारांचा कळवळा आला होता, असे मानण्याचे कारण नाही. बंदराचा व्यापार बुडण्याचे भय मोठे होते. ट्रस्टने गरिबांची घरे पाडली आणि आरंभीच्या काळात तेवढी नवी बांधली नाहीत, हेही खरे. तरीही त्यातून एक मोलाचा नियम पुढे आला. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर यांनी १९१२ साली मुंबईच्या घरांतील उजेड व हवा या विषयावर व्याख्यान देऊन त्याचा पुरस्कार केला. नियम साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा होता. भूमिती बाजूला ठेवून सांगायचे तर, समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा खिडकीपुढे हवी. सात मजली, म्हणजे सुमारे २१ मीटर उंच इमारत असेल, तर अंतर साडेदहा मीटर.

आता गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडकडे पाहा. रस्ते-रेल्वेच्या प्रकल्पांत विस्थापित झालेल्यांना तेथे २२५ चौरस फुटांची घरे मिळाली. इमारती सात-आठ मजली आणि मधले अंतर सुमारे तीन मीटर! भर दुपारी दिवे लावावे लागतात. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने या भागातील तीन पुनर्वसन वसाहतींची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. दाटीने बांधलेल्या दोन वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण तुलनेने मोकळ्या तिसऱ्या वसाहतीपेक्षा पुष्कळ अधिक आढळले, आणि खालच्या मजल्यांवर ते विशेष होते. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. वारा खेळता असला की ते विरळ होतात, उन्हाने मरतात. अर्धपोटी राहणे आणि अपुरी मजुरी ही क्षयाची कारणे आहेतच; त्यांत आता सरकारमान्य नकाशाची भर पडली आहे.

हे चुकून घडले नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांनी मोकळ्या जागेच्या अटी सैल केल्या आणि हेक्टरी किमान ५०० घरे बांधावीत, असे बंधन घातले. पुढे हा आकडा ६५० झाला. कमाल नव्हे, किमान! गरिबांची घरे जितक्या थोड्या जमिनीवर उरकतील, तितकी अधिक जमीन विक्रीच्या इमारतींसाठी सुटते. एकाच भूखंडावर एका बाजूला बागबगीचा आणि दुसऱ्या बाजूला अंधारी बोळ दिसते, तिचे मूळ या हिशेबात आहे. ऊन कोणी निर्माण करीत नाही. परंतु त्याची वाटणी जमिनीच्या भावाने होते.

‘मोफत घर मिळते, मग तक्रार कसली?’ असे विचारले जाते. मित्रहो, हे घर मोफत नाही. त्याच्या मोबदल्यात विकासकाला चढत्या भावाचे बांधकामहक्क मिळतात. हे दान नव्हे, सौदा आहे; आणि सौद्यात अटी घालण्याचा अधिकार दुसऱ्या पक्षालाही असतो.

म्हणून वस्तीत पुनर्विकासाची बैठक होईल तेव्हा संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी पूर्ण नकाशा मागवा. माझे घर किती फुटांचे, या प्रश्नाबरोबर आणखी तीन प्रश्न विचारा: समोरची भिंत किती अंतरावर आहे? तळमजल्याच्या खिडकीत ऊन केव्हा येते? जिने आणि व्हरांडे हवेशीर आहेत काय? उत्तरे लेखी घ्या आणि करारात घालून घ्या. इमारत एकदा उभी राहिली की तिच्या भिंती मागे सरकविता येत नाहीत.