पदव्युत्तर शिक्षणाचे पहिले सत्र

(देवस्थानच्या अग्रशाळेत झालेल्या विद्यार्थी-गौरव समारंभातील भाषण)



आज ज्यांचा गौरव झाला, त्यांपैकी काहीजण येत्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील विद्यापीठांत पदव्युत्तर अभ्यासासाठी जाणार आहेत. त्यांना शुभेच्छा देणारी भाषणे झालीच आहेत. मी जन्मभर कचेरीत कारकुनी केलेला मनुष्य. माझे लक्ष शुभेच्छांपेक्षा तपशिलाकडे अधिक जाते. आपल्या घरांतून तिकडे गेलेल्या मुलांशी बोलताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ज्यांना अडचण आली, त्यांना ती बहुधा पहिल्याच सत्रात आली, आणि घरच्यांना ती सर्वांच्या शेवटी कळली. म्हणून त्या सुमारे पंधरा आठवड्यांविषयीच चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

ऑगस्टच्या उत्तरार्धात सुरू होणारे सत्र डिसेंबरच्या मध्यास संपते. पूर्ण वेळ विद्यार्थी बहुधा तीन विषय घेतो. प्रत्येकी तीन क्रेडिट, एकूण नऊ. सहा-सात विषयांची सवय असलेल्या आपल्या मुलांस हा भार हलका वाटतो. परंतु वर्गातील प्रत्येक तासामागे बाहेर दोन-तीन तासांचे वाचन-लेखन अपेक्षित असते. शिवाय सारा भरवसा शेवटच्या परीक्षेवर ठेवता येत नाही. गृहपाठ, निबंध, वर्गातील चर्चा, मधली परीक्षा यांचे गुण पहिल्या आठवड्यापासून साठत जातात. पहिल्या दिवशी जी अभ्यासक्रम-पत्रिका हाती पडते, तीत प्रत्येक कामाची तारीख व गुण दिलेले असतात. ती एखाद्या कराराच्या कागदासारखी वाचावी. तिन्ही विषयांच्या तारखा एकाच वहीत उतरवून घेतल्या, म्हणजे ऑक्टोबरच्या कोणत्या आठवड्यात तीन कामे एकदम अंगावर येणार, हे सप्टेंबरातच दिसते.

ज्यांना अध्यापन-साहाय्यकाचे काम मिळते, त्यांचे शिक्षणशुल्क बहुधा माफ होते व दरमहा वेतनही मिळते. पण त्यासाठी आठवड्यास वीस तासांपर्यंत राबावे लागते. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात याहून अधिक काम करण्यास विद्यार्थी-व्हिसाचा नियमच मनाई करतो. त्यामुळे खर्चाची तोंडमिळवणी जादा कामाने करू, हा हिशेब घरून निघतानाच सोडून द्यावा. पहिले वेतन हाती येईपर्यंतचे घरभाडे व जेवणखाण यांची तरतूद जवळ असावी.

आता दोन सवयींविषयी. आपल्याकडे ग्रंथातील वाक्य जसेच्या तसे उतरविणे हे पाठांतराचे कौशल्य समजले जाते. तिकडे आधार न सांगता दुसऱ्याचे वाक्य घेणे ही चोरी ठरते, आणि तीपायी विद्यापीठातून नाव कमी होऊ शकते. दुसरी सवय गप्प बसण्याची. प्राध्यापक आठवड्यातील ठरावीक वेळी केवळ विद्यार्थ्यांच्या शंकांसाठी आपल्या खोलीत बसतात. आपली मुले तेथे जात नाहीत; गेलो तर अज्ञान उघडे पडेल, असे त्यांना वाटते. वस्तुतः अज्ञान घेऊन जाण्यासाठीच ती वेळ राखलेली असते.

यापुढची अडचण मनाची आहे. येथे पहिला आलेला मुलगा तिकडे अशा वर्गात बसतो, जेथे प्रत्येकजण कोठे ना कोठे पहिला आलेला असतो. पदव्युत्तर वर्गात साधारणतः चारपैकी तीन, म्हणजे ‘बी’ची सरासरी राखावी लागते, एखाद्या विषयातील ‘सी’ देखील धोक्याची घंटा ठरते. अशा वेळी आपण खोटेच हुशार होतो की काय, अशी शंका मनात शिरते. येथे १९६१ नंतरची आपली गोष्ट आठवावी. लिसेवात पोर्तुगीजमधून शिकलेल्या पिढीला पुढे कचेरीत इंग्रजी टिपणे लिहावी लागली. वीसपैकी सोळा गुण मिळविणाऱ्यासही साधे पत्र जड जाई. बुद्धी तीच होती, व्यवहाराची भाषा तेवढी बदलली होती. सवय झाली, आणि त्याच मंडळींनी कचेऱ्या चालविल्या.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. आरंभी त्यांना राहण्याची जागा बदलावी लागली. अखेर नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते एका वसतिगृहात स्थिरावले, आणि ती मैत्री जन्मभर टिकली. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. विद्वत्ता त्यांची स्वतःची होतीच. तरी परमुलखात शेजारी एक स्नेही असणे हेही मोठे बळ असते.

हे बळ नेमके कधी लागते? आपल्याकडे चवथीची माटोळी बांधली जाते तेव्हा तिकडे सत्राला जेमतेम काही आठवडे झालेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तेथील घड्याळे एक तास मागे जातात आणि उत्तरेकडील गावांत सायंकाळी पाचच्या सुमारास काळोख पडतो. त्यानंतर येथे सातची आरती चालू असते, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. निबंधांची घाई, थंडी आणि इकडे जत्रेची तयारी हे सारे त्याच दिवसांत येते.

पालकांना माझी नम्र विनंती अशी. त्या दिवसांत फोनवर पहिला प्रश्न गुणांचा विचारू नका. शेजारच्या मुलाच्या पगाराची बातमी देऊ नका. घरावर कर्ज काढले असेल, तर त्याचा आकडा जाण्यापूर्वीच मुलाला शांतपणे सांगा; मग दर आठवड्याला त्याची आठवण देऊ नका. विषय झेपत नाही असे मुलाने सांगितले, तर ते ऐकून घ्या. मुदतीच्या आत विषय सोडता येतो. मुदत टळल्यावर बाप काही करू शकत नाही आणि प्राध्यापकही फारसे काही करू शकत नाही.

शेवटी देवस्थान समितीस एक सूचना करतो. पावण्यांच्या वह्या आपण पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. आता आणखी एक वही ठेवावी. तिकडे स्थायिक झालेली आपली जी कुटुंबे संमती देतील, त्यांचे गाव व पत्ता तीत नोंदवावा आणि निघणाऱ्या प्रत्येक मुलामुलीस त्याची नक्कल प्रसादाबरोबर द्यावी. वही लिहिण्याचे काम मी आनंदाने करीन. अक्षर अजून चांगले आहे.