घरातील हवा आणि गर्भवतीचे आरोग्य



मुशी नदीच्या उत्तर काठाजवळील गौलीगुडा ही हैदराबादेतील जुनी व दाट वस्ती होय. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांस खेटलेली. घरात पाळणा हलणार असला म्हणजे गर्भवतीच्या आहाराची व औषधपाण्याची काळजी सारेच वाहतात. परंतु ती अहोरात्र जी हवा श्वासावाटे घेते, तिचा विचार क्वचितच होतो.

लाकूड, गोवऱ्या वा कोळसा जळताना अतिसूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक सहजतेने संयोग पावतो आणि वारेतून गर्भापर्यंत पोहोचतो. परिणामी गर्भाच्या वाट्याचा प्राणवायू घटतो. जन्मतः २५०० ग्रॅमहून कमी वजनाच्या अर्भकास आजारांचा धोका अधिक असतो, हे सर्वश्रुतच आहे.

अहमदाबाद येथील १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चुलीच्या धुरात वावरणाऱ्या गर्भवतींमध्ये मृत अर्भक जन्मण्याचा धोका सुमारे दीडपट आढळला. पुढे तामिळनाडूसह चार देशांत सुमारे ३२०० गर्भवतींची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या स्त्रियांना गरोदरपणातच गॅसची शेगडी देण्यात आली. त्यांच्या श्वासातील सूक्ष्म कण पुष्कळच घटले; मात्र अर्भकांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा नव्हे. केवळ इंधन बदलून भागत नाही. सकस आहार व नियमित तपासणी यांची जोड हवीच, हा त्यातील बोध.

शहरात गॅस आला, तरी धूर घराबाहेर गेला असे समजू नये. डास पळविणाऱ्या एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. त्याऐवजी मच्छरदाणी वापरावी. धूप-उदबत्ती लावताना खिडकी उघडी असावी. घरात कोणीही विडी-सिगारेट ओढू नये. हा नियम प्रथम घरातील पुरुषांनी पाळावा. फोडणी देताना समोरासमोरची दारे-खिडक्या उघडी ठेवावीत.

बाळंतिणीस शेक व बाळास धुरी देण्याची आपली जुनी रीत आहे. त्यामागील माया खरी. परंतु बंद खोलीतील निखाऱ्यांची शेगडी दोघांच्याही जिवावर बेतू शकते. शेकासाठी गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून वापरावी आणि बाळास धुरी मुळीच देऊ नये.

सुलतान बाजार व पेटलाबुर्ज येथील शासकीय प्रसूती रुग्णालये या वस्तीपासून दूर नाहीत. तेथे वेळेवर तपासणी करून घ्यावी. खेड्यापाड्यांतील शिक्षक, ग्रामसेवक व अंगणवाडी सेविका यांनी हीच गोष्ट घरोघरी सांगावी. येणाऱ्या जिवाचा पहिला श्वास निर्मळ असावा, याची तयारी त्याच्या आईच्या श्वासापासूनच झाली पाहिजे.