मंडळाचा हिशेब : वटाव आणि एकत्र खाते
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. शाळा सातवीपर्यंत झाली, पुढे संसार सुरू झाला. पण गेली काही वर्षे मंडळाच्या उधारीचे एक खाते माझ्याकडे आहे, म्हणून अध्यक्षबाईंनी हिशेबावर चार शब्द बोलायला सांगितले. हिशेब म्हटला की पुष्कळजणींना जांभई येते. ती येऊ नये इतके तरी सोपे करून सांगण्याचा मी प्रयत्न करते.

आपले गोंदिया हे व्यापाराचे गाव. तांदळाच्या गिरण्या, तेंदूपान, बिडी यांवर येथील किती घरे उभी आहेत! अशा गावात माल आज जातो आणि पैसे मागाहून येतात. आपल्या मंडळाचेही तसेच आहे. उन्हाळ्यात आपण तांदळाचे पापड, कुरडया, मूगवड्या करतो, दिवाळीला फराळ करतो, मंडईच्या दिवसांत तिखट-मसाल्याचे पुडे विकतो. यांतला निम्मा माल दुकानांना उधारीवर जातो. उधारी म्हणजे विश्वास. आणि विश्वास टिकवायचा असेल तर तो कागदावर उतरवावा लागतो.

आता पहिली गोष्ट सुटीची. "थोडे कमी करा ना ताई," असे गिऱ्हाईक म्हणते आणि आपण कमी करतो. पण हे कमी करणे दोन प्रकारचे असते आणि दोन्हींची वहीतली जागा निराळी असते. हे ध्यानात आले की अर्धा हिशेब समजला.

एक असते व्यापारी सूट. समजा, पापडाच्या पुड्यावर छापील किंमत ६० रुपये आहे. एका दुकानाने १२५ पुडे घेतले. छापील किमतीने ७,५०० रुपये झाले. दुकानदाराला पुढे विकून चार पैसे मिळाले पाहिजेत, म्हणून आपण शेकडा २० सूट देतो. म्हणजे १,५०० वजा, आणि बिल ६,००० रुपयांचे. ही १,५०० ची सूट बिलावर दाखवावी, पण वहीत चढवू नये. वहीत ६,००० रुपयेच लिहावेत. कारण ते १,५०० आपल्याला कधी येणेच नव्हते. जे येणे नव्हते ते गेले असे कसे म्हणायचे? बिलावर ती दाखवण्याचा मात्र कंटाळा करू नये. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराचा कायदा आला, त्यातही माल देतेवेळी बिलावर दाखवलेली सूट कर लागणाऱ्या किमतीतून वजा होते. आपल्यासारख्या लहान मंडळाला आज तो कर लागत नसला, तरी चांगली सवय आधीपासून असलेली बरी.

दुसरा प्रकार म्हणजे वटाव. आपल्या बिलाच्या खाली छापले आहे की दहा दिवसांच्या आत पैसे चुकते केल्यास शेकडा दोन वटाव मिळेल. त्या दुकानाने आठव्या दिवशी पैसे दिले. ६,००० वर शेकडा दोन म्हणजे १२० रुपये वटाव, आणि हाती आले ५,८८०. येथे गोष्ट निराळी आहे. ६,००० रुपये त्या दुकानाच्या नावावर आधीच लिहिले गेले आहेत. आता रोख लिहिली ५,८८० आणि वटाव लिहायचा राहिला, तर १२० रुपये त्या बिचाऱ्या दुकानदाराच्या नावावर तसेच लटकत राहतील.

म्हणून कीर्दीत असे लिहावे : जमेच्या बाजूस दुकानाच्या नावाने ६,०००, आणि नावे बाजूस वटाव खाती १२०. म्हणजे पेटीतील रोकड बरोबर ५,८८० ने वाढली, दुकानाचे देणे पुरते फिटले, आणि आपण वटाव किती दिला तेही कळले. आपल्याकडील बिडी वळणाऱ्या बायांना हे सांगायला नको. त्यांच्या कार्डावर पान आणि तंबाखू किती दिली, बिड्या किती आल्या आणि छाट किती निघाली, हे सारे लिहावे लागते. छाट लिहायची राहिली तर तूट बाईच्या अंगावर येते. वटावाचे तसेच समजा.

याच्या उलटही होते. आपण उडदाचे पीठ आणि मिरची घेतो तेव्हा व्यापारी आपल्याला वटाव देतो. १०,००० चे बिल ९,८०० देऊन फिटले तर २०० रुपये मिळाले. ते वटाव मिळाला या खात्यावर जमा करावेत. दिलेला आणि मिळालेला वटाव एकमेकांतून वजा करून एकच आकडा लिहू नये. दोन्ही निराळे ठेवले तरच आपण कोठे देतो आणि कोठे मिळवतो हे वर्षअखेर दिसते.

आता दुसरी गोष्ट, एकत्र खात्याची. पुस्तकात याला नियंत्रण खाते म्हणतात. आपल्या खतावणीत प्रत्येक गिऱ्हाइकाचे निराळे पान आहे. मंडळाची पस्तीस-चाळीस गिऱ्हाइके आहेत. इतकी पाने एका बहिणीने लिहायची, म्हणजे कोठे तरी आकडा निसटणारच. तो निसटला हे ओळखायचे कसे? त्यासाठी सर्व गिऱ्हाइकांचे मिळून एकच खाते ठेवायचे. त्यात कोणाचे नाव नसते, फक्त महिन्याच्या बेरजा असतात. खतावणी लिहिणारी एक आणि हे खाते लिहिणारी दुसरी, असे दोन हात असावे लागतात. ते काम माझ्याकडे आहे.

परवाच्या दिवाळीच्या महिन्याचे आकडे सांगते. महिन्याच्या आरंभी सर्वांकडून मिळून येणे होते ८,४०० रुपये. महिन्यात उधारीची विक्री झाली २६,६००. दोन्ही मिळून ३५,०००. यातून रोख आली २४,२५०. मऊ पडलेला माल परत आला तो ९०० चा. तीन दुकानांना वटाव दिला १००, १२० आणि १३०, एकूण ३५०. ही सारी वजाबाकी २५,५०० होते. म्हणजे महिनाअखेर येणे राहिले पाहिजे ९,५००. मग खतावणीतल्या प्रत्येक पानाची बाकी एका कागदावर उतरवून तेरीज करायची. तीही ९,५०० आली तर मेळ बसला.

त्या महिन्यात तेरीज आली ९,६२०.

भगिनींनो, १२० रुपये काही मोठी रक्कम नव्हे. पण त्या १२० रुपयांनी चार दिवस मंडळाची झोप उडवली. कारण मी तेरीज मांडायच्या आधीच एका बहिणीने खतावणी चाळताना एका दुकानाच्या पानावर १२० रुपये बाकी पाहिली होती, आणि हळदीकुंकवाला दहाजणींच्या देखत त्या दुकानवाल्या बाईंना विचारले होते, "तुमचे मागचे १२० राहिलेत, केव्हा देता?" त्या बाई एकट्याने दुकान चालवतात. त्या म्हणाल्या, "मी माझे सर्व पैसे दिले आहेत." त्यांचा चेहरा उतरला आणि त्या ओटी न घेताच उठून गेल्या. मग कुजबूज सुरू झाली. बाई खरे बोलत असतील तर पैसे गेले कोठे? रोकड सांभाळणाऱ्या बहिणीकडे लोक वळून पाहू लागले. तिने किल्ली आणून अध्यक्षबाईंच्या पुढे ठेवली आणि म्हटले, "मला हे काम नको."

अशा वेळी शपथा उपयोगाला येत नाहीत, वही येते. एकत्र खाते आणि तेरीज यांत फरक १२० चा. एकत्र खाते मी कीर्दीवरून लिहिते. कीर्दीत वटावाच्या तीन रकमा होत्या आणि त्यांत १२० ही एक होती. म्हणजे रोकड सांभाळणाऱ्या बहिणीने आली तितकीच रोख लिहिली होती आणि दिलेला वटावही लिहिला होता. खतावणीत त्या दुकानाच्या पानावर मात्र रोख ५,८८० चढली होती, वटाव चढलाच नव्हता. अर्ध्या तासात उलगडा झाला. दुकानवाल्या बाई खऱ्या, रोकड सांभाळणारी खरी. खतावणी लिहिणाऱ्या बहिणीचेही मन स्वच्छ, फक्त एक ओळ राहिलेली. अध्यक्षबाई स्वतः त्या दुकानात गेल्या, चुकत्या हिशेबाची पावती दिली आणि मंडळातर्फे दिलगिरी सांगितली. किल्ली पुन्हा त्याच बहिणीच्या कमरेला लागली.

एकत्र खाते चोर धरण्यासाठी असते, असा पुष्कळांचा समज आहे. माझ्या मते त्याचे मोठे काम निराळे आहे. प्रामाणिक माणसावर संशय आला तर तो दूर करायला ते साक्षीला उभे राहते.

तरीही त्यावर डोळे मिटून विसंबू नये. एका गिऱ्हाइकाचे पैसे चुकून दुसऱ्याच्या पानावर जमा झाले तर एकूण बेरीज बदलत नाही, आणि एकत्र खाते गप्प बसते. एखादे बिल कीर्दीत आणि खतावणीत, दोन्हीकडे लिहायचे राहिले तरीही ते गप्प बसते. त्यासाठी गिऱ्हाइकाच्या हातात स्वतःचे कार्ड हवे आणि दर महिन्याला ते आपल्या पानाशी ताडून पाहायला हवे.

वटावाच्या वेगळ्या खात्याने आणखी एक गोष्ट दाखवली, ती आज सभेपुढे ठेवते. दुकाने एरवी महिन्याने पैसे देतात. वटावासाठी ती दहा दिवसांत देतात, म्हणजे आपल्याला पैसा वीस दिवस आधी मिळतो. वीस दिवसांसाठी आपण शेकडा दोन सोडतो. हिशेब केला तर महिन्याला शेकडा तीन पडले! आपल्याच बचत गटातून कर्ज घेतले तर महिन्याला शेकडा दोन द्यावे लागतात. म्हणजे पिठासाठी पैसा लवकर हवा म्हणून आपण वटाव देतो, तो कर्जापेक्षा महाग पडतो. वटाव शेकडा एक केला तर महिन्याला दीडच पडेल. दुकानदार तेवढ्यावर लवकर पैसे देतील की नाही हे पाहावे लागेल. पण निदान विचार तरी करता येतो. वटाव रोखीतच गिळून टाकला असता तर हे कधी दिसलेच नसते.

हे शास्त्र आपल्याला परके नाही. कीर्द, खतावणी, तेरीज हे शब्द मोडी दफ्तरांतून आपल्यापर्यंत आले आहेत. तिकडे इटलीत लुका पाचोली नावाच्या धर्मगुरूने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या गणिताच्या ग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत सविस्तर मांडली. त्याच्या आधीपासून तेथील व्यापारी ती वापरत होते. आणि बायकांना हे जमेल का, असे विचारणाऱ्यांना एक उदाहरण सांगावे. मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला आरंभ केला. तोच पुढे लिज्जत पापड झाला. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी त्यांना सांगितले होते की हा उद्योग धंद्यासारखा चालवा आणि हिशेब चोख ठेवा. पापड तर घरोघर लाटले जातात. हजारो जणींना एकत्र बांधायला लाटण्याबरोबर वहीही लागते.

१९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांना जोडण्याची योजना सुरू केली, तेव्हापासून गावोगावच्या बाया वह्या लिहू लागल्या आहेत. गट कर्ज मागतो तेव्हा बँकही आधी वही पाहते. आता मोबाईलवर पैसे येतात, त्यामुळे रोख मोजण्याचा त्रास कमी झाला. पण मोबाईल ५,८८० आले एवढेच सांगतो. उरलेले १२० वटावाचे, परत आलेल्या मालाचे की खरोखरच राहिलेले, हे त्याला ठाऊक नसते. ते आपल्यालाच लिहावे लागते.

माझ्या विनंत्या तीनच आहेत. दुकानाला वटाव तोंडी कबूल केला तर त्याच दिवशी कीर्दीत लिहवून घ्या. खतावणी आणि एकत्र खाते कधीही एकाच हाती देऊ नका, ती बहीण कितीही हुशार असो. आणि मेळ बसल्याखेरीज कोणाच्या दारी बाकी मागायला जाऊ नका.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी आम्ही तेरीज मांडतो. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी अवश्य यावे. बेरीज-वजाबाकी येत असली की पुरे. मंडळाच्या नव्या वर्षी निदान चार नव्या भगिनी वही लिहू लागल्या, तर आजचा माझा वेळ आणि तुमचा कान, दोन्ही सार्थकी लागले असे मी समजेन.