अंगातले विष कोण काढते?

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



तुमच्या वर्गाने आज आम्हांला औषधांविषयी बोलायला सांगितले. आम्ही डॉक्टर नाही, वैद्यही नाही. मॅट्रिक झालो आणि जन्मभर मुले शिकवली. पण गावात माणसे मास्तरकडे अर्ज लिहून घ्यायला येतात, तशीच औषधाची चिठ्ठी वाचून घ्यायलाही येतात. त्यामुळे कोणत्या दुखण्यावर लोक काय घेतात, हे आम्ही पुष्कळ पाहिले आहे. जे समजले नाही ते पुस्तकात वाचले, डॉक्टरांना विचारले. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

बाजाराच्या दिवशी गाडीवर भोंगा लावून एखादा माणूस ओरडत असतो, "रक्त शुद्ध करा! अंगातलं विष बाहेर काढा!" त्याच्यापुढे बाटल्या आणि पुड्या मांडलेल्या असतात. शहरात हेच औषध चकचकीत डब्यात मिळते आणि त्याला डिटॉक्स म्हणतात. आता तर मोबाईलवरही रोज नवा काढा येतो. तेव्हा आपण आज एकच प्रश्न घेऊ. अंगातले विष खरोखर कोण काढते?

अंगात रोज घाण तयार होते, ही गोष्ट खरी आहे. चूल पेटली की राख होणारच. आपण अन्न खातो, काम करतो, त्यात काही टाकाऊ पदार्थ तयार होतात. ही राख काढायला देवाने म्हणा, निसर्गाने म्हणा, आपल्याला कामगार दिलेले आहेत. ते रात्रंदिवस काम करतात. त्यांना रविवारची सुट्टी नाही.

पहिला कामगार म्हणजे यकृत. आपण त्याला काळीज म्हणतो, पण छातीत धडधडते ते वेगळे. यकृत उजव्या बरगड्यांच्या खाली असते. मोठ्या माणसाचे यकृत सुमारे दीड किलो भरते. पोटात गेलेले बहुतेक अन्न, औषध, दारू आतड्यातून आधी यकृताकडे जाते. जकात नाक्यावर जशी गाडी तपासत, तसे यकृत प्रत्येक माल तपासते. कामाचा असेल तो ठेवते. घातक असेल तो मोडून निरुपद्रवी करते.

दुसरे कामगार म्हणजे मूत्रपिंडे. ती दोन असतात, पाठीकडे, मुठीएवढी. ती दिवसभरात सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. डेअरीचा ४० लिटरचा दुधाचा कॅन तुम्ही पाहिला आहे. तसे साडेचार कॅन झाले! त्यातले बहुतेक सगळे पाणी ती परत रक्तात घेतात. घाणीसकट दीड-दोन लिटर तेवढे लघवीवाटे बाहेर टाकतात. शिवाय फुप्फुसे श्वासावाटे खराब वायू बाहेर टाकतात आणि आतडी मळ टाकतात.

आमच्या लहानपणी घरोघर मुलांना धरून एरंडेल पाजत. कोठा साफ झाला की रक्त साफ झाले, असा समज होता. एरंडेलाने जुलाब होतात, हे खरे. पण त्याने आतडे रिकामे होते, रक्त धुतले जात नाही. उलट जुलाबाबरोबर अंगातले पाणी आणि क्षार जातात, माणूस गळून जातो. लहान मूल असेल तर ते जिवावरही बेतते.

आता काविळीकडे येऊ. अंगातले विष काढायचे म्हणून आपल्याकडे सर्वांत जास्त गावठी औषधे काविळीवरच दिली जातात.

कावीळ म्हणजे काय? रक्तात तांबड्या पेशी असतात. एका पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवस. पेशी मोडली की तिच्यातून पिवळा रंग तयार होतो. डॉक्टर त्याला बिलिरुबिन म्हणतात. निरोगी यकृत हा रंग पित्तावाटे आतड्यात टाकून देते. पण यकृतालाच सूज आली की रंग रक्तात साचतो. मग डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते. म्हणजे पिवळेपणा हे दुखणे नव्हे, ती दुखण्याची खूण आहे. घाण काढणारा कामगारच आजारी पडला आहे, असे ती खूण सांगते.

काविळीचे औषध देणारा काय करतो? हाताला कसलासा रस चोळतो आणि चुन्याच्या निवळीने हात धुतो. पाणी पिवळे होते. लोक म्हणतात, "बघा, कावीळ उतरली!" आंब्याच्या सालीचा रस हाताला लावून चुन्याच्या निवळीने हात धुतले, तर निरोगी माणसाचेही पाणी पिवळे होते. तो रंग सालीचा, काविळीचा नव्हे. कोणी गळ्यात काड्यांची माळ घालतो. ती रोज लांब होत जाते. ओल्या काड्या वाळून बारीक होतात, दोऱ्याचे फास सैल पडतात, म्हणून माळ वाढते.

तुम्ही विचाराल, "गुरुजी, पण माणसं बरी होतात ना?" होतात, आणि त्याचे कारणही आहे. आपल्याकडे घाण पाण्यातून येणारी कावीळ फार. तिचे विषाणू दोन, हिपॅटायटीस ए आणि हिपॅटायटीस ई. ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. यकृत स्वतःला दुरुस्त करून घेते. काम यकृताने करायचे आणि मान माळेने घ्यायचा, असे चालते.

पण 'बहुतेकांची' हा शब्द ध्यानात ठेवा. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत काय झाले ते ऐका. यमुनेचे पात्र सरकले आणि शहराचे पाणी जेथून उपसत तेथे गटाराचे पाणी शिरले. सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पुढे ती ई विषाणूची असल्याचे ठरले. बहुतेक लोक बरे झाले, पण गर्भार बायका त्या मानाने फार दगावल्या. शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाली, तर शंभरात वीस-पंचवीस बायकांपर्यंत मृत्यू होऊ शकतो.

आमच्या शाळेच्या शिपायांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना लागला होता. दोन दिवस तिला अन्न जाईना, मग डोळे पिवळे झाले. शिपायांची आई म्हणाली, "काविळीला दवाखान्यात औषध नसतंय. आपण पाणी उतरवून आणू." पाणी उतरवून आणले. रोज उपाशीपोटी पाल्याचा रस सुरू झाला. जेवण बंद, नुसता उसाचा रस. असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी पहाटे शिपाई आमच्या दारात आले. "गुरुजी, पोरगी मला वळखंना." आम्ही जीप मिळवली आणि तिला मोठ्या रुग्णालयात नेले. मुलगी अठरा दिवसांनी घरी आली. बाळ मात्र गेले. डॉक्टर म्हणाले, "पाच दिवस आधी आणलं असतं तर बाळ नक्की वाचलं असतं, असं मी म्हणत नाही. पण ते पाच दिवस आम्हांला मिळाले नाहीत."

म्हातारी रडून म्हणाली, "म्या चांगल्यासाठीच केलं हो." आम्ही म्हणालो, "मावशी, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत. आता एवढं करा. दुसऱ्या कुणाच्या घरी डोळे पिवळे दिसले, तर ही गोष्ट सांगा." तिने ते केले. कोणाकडे गर्भार बाई आली की ती काठी टेकत जाई आणि तिचे डोळे बघे.

मग झाडपाल्यात काही गुण नाहीच का? तसे आम्ही म्हणत नाही. इसबगोलाने बद्धकोष्ठ जाते, ते डॉक्टरही देतात. काविळीवर आपल्याकडे भुईआवळी देतात. मद्रासच्या संशोधकांनी १९८८ मध्ये हिपॅटायटीस बीच्या रुग्णांना ती देऊन पाहिली. आशा वाटली. पुढे इतरांनी पाहिले, तेव्हा तसा गुण दिसला नाही. पण ही रीत चांगली. औषध द्यावे, मोजावे, पुन्हा मोजावे आणि जे दिसेल ते मान्य करावे.

दुसरे उदाहरण गुळवेलीचे. २०२० मध्ये करोनाच्या भीतीने घरोघर गुळवेलीचा काढा झाला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी अशा सहा रुग्णांची हकीगत छापली. त्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि ते सर्व गुळवेल घेत होते. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल असू शकेल, असे मंत्रालयाने म्हटले. वाद कोणाच्याही बाजूने सुटो, आपल्याला त्यातून दोन गोष्टी कळतात. झाडपाला म्हणजे अपाय नाहीच, असे नसते. आणि वेल ओळखण्यात जाणत्यांचाही वाद होतो, तर बाजारातल्या पुडीची खात्री कोण देणार?

तिसरी गोष्ट भस्मांची. अमेरिकेत बोस्टन शहराच्या आसपासच्या दुकानांतून भारतीय उपखंडातली ७० आयुर्वेदिक औषधे घेऊन तपासली. त्याचा अहवाल २००४ मध्ये आला. ७० पैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल सापडला. विष काढायला म्हणून घ्यावे आणि विषच पोटात जावे, याला काय म्हणावे? शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्याने तपासून दिलेले औषध वेगळे आणि बिननावाची पुडी वेगळी.

होमिओपथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्याही काही जण रक्तशुद्धीसाठी घेतात. ही पद्धत जर्मनीतल्या हानेमान या डॉक्टरांनी १७९६ च्या सुमारास काढली. त्या काळी रोग्याचे रक्त काढीत, पारा देत, भयंकर जुलाब देत. त्यापुढे हानेमानांचे औषध सौम्य होते, म्हणून लोकांना ते आवडले. ते सौम्य का, याचा हिशेब तुम्हीच करा. औषधाचा एक थेंब ९९ थेंबांत मिसळायचा. त्यातला एक थेंब घेऊन पुन्हा ९९ थेंबांत. असे ३० वेळा केले म्हणजे ३० ची मात्रा होते. बाराव्या वेळेच्या सुमारासच मूळ औषधाचा एखादा कणही उरण्याची शक्यता राहत नाही. ऑस्ट्रेलियातल्या सरकारी वैद्यक परिषदेने बरेच अभ्यास तपासून २०१५ मध्ये सांगितले, की होमिओपथीने बरा होतो असा खात्रीचा पुरावा एकाही रोगाबाबत मिळाला नाही. त्या गोळीने बहुधा अपाय होत नाही, हे कबूल. पण गोळीवर विसंबून दवाखान्याला उशीर झाला, तर तो अपायच.

डॉक्टरी गोळ्याही अतिरेकाने घातकच. तापाची पॅरासिटामॉलची गोळी प्रमाणाबाहेर घेतली तर यकृत निकामी होते. दारूचे तर सांगायलाच नको.

मग यकृताला आणि मूत्रपिंडांना मदत करायचीच नाही का? जरूर करायची. ती अशी. पावसाळ्यात आणि साथीत पाणी उकळून प्या. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. पाण्याचा नळ गटारातून गेला असेल, तर ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या. आता तुम्हांला तो लिहिता येतो. बुरशी लागलेला दाणा, शेंगदाणा खाऊ नका. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या सरहद्दीवर बुरशीचा मका खाऊन यकृत बिघडले आणि शंभरावर माणसे दगावली. बाळ जन्मले की २४ तासांत हिपॅटायटीस बीची लस टोचून घ्या. बी आणि सी या काविळीची तपासणी आणि औषधे सरकारी कार्यक्रमात २०१८ पासून फुकट मिळतात.

डोळे पिवळे झालेच, तर दवाखान्यात रक्त तपासून घ्या. रोग्याला उपाशी ठेवू नका, सोसेल ते साधे अन्न द्या. आधी काही पाला, पुडी, गोळी घेतली असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. ती पुडी बरोबर घेऊन जा. रोगी बडबडू लागला, गुंगीत गेला, रक्त पडू लागले किंवा बाई गर्भार असली, तर एक तासही थांबू नका.

आता पाट्या घ्या आणि या ओळी लिहा.

यकृत आणि मूत्रपिंडे अंगातली घाण काढतात.
पाणी उकळून प्यावे.
डोळे पिवळे झाले तर दवाखान्यात जावे.
गर्भार बाईला त्याच दिवशी न्यावे.
नाव नसलेली पुडी घेऊ नये.

आज घरी गेल्यावर या पाच ओळी मोठ्याने वाचून दाखवा. घरात म्हातारी माणसे असतील, तर त्यांना आधी दाखवा. औषध काय करायचे, हे बहुतेक घरांत तीच ठरवतात. आणि पुढच्या बाजाराला भोंगेवाला दिसला, तर त्याची बाटली हातात घ्या आणि वाचा. आत काय आहे, कोणी केले, परवाना कोणता, मुदत कधीची. यातले काही लिहिलेले नसेल, तर बाटली परत ठेवा आणि घरी या.