'मे', 'मस्ट' आणि कर्जाचा कागद

आज बचतीचा हिशेब जरा बाजूला ठेवू आणि इंग्रजीतल्या चार-पाच छोट्या शब्दांबद्दल बोलू. कॅन, मे, मस्ट, शुड, शॅल. मुलांच्या पुस्तकात हे असतातच. पण ते औषधाच्या पाकिटावर आणि कर्जाच्या कागदावरही असतात, आणि त्या कागदाखाली सही आपली असते.

आधी आपली मराठी बघा. 'ती जाऊ शकते', 'तिला जावं लागेल', 'तिनं जायला हवं'. ती, तिला, तिनं. दरवेळी रूप बदललं. इंग्रजीतली 'शी' मात्र 'शी'च राहते. शी कॅन गो, शी मस्ट गो, शी शुड गो. 'गो'सुद्धा तसाच, 'गोज' नाही आणि मध्ये 'टू' घालायचा नाही. म्हणजे आपण रोज यापेक्षा अवघड व्याकरण बोलतो, मग घाबरायचं कशाला?

आमच्या गटात पाठांतर नसतं. अंगणात रांगोळीची दोन वर्तुळं काढतो, एक सक्तीचं, एक मर्जीचं. एकीनं वाक्य वाचायचं, बाकीच्यांनी पळत जाऊन बरोबर वर्तुळात उभं राहायचं. 'वी मस्ट सेव्ह एव्हरी वीक', सगळ्या सक्तीत! पंचसूत्री पाठ असल्यावर हे वाक्य कोण चुकणार? 'यू मे सिट हिअर', मर्जीत. 'कॅन'ला वर्तुळ लागत नाही. प्रत्येकीनं आपल्याला काय येतं ते सांगायचं. 'आय कॅन मिल्क अ बफेलो', 'आय कॅन राइड अ स्कूटी'. यात साठीच्या आजीबाई सगळ्यांत पुढे असतात.

खरी गडबड 'मस्ट नॉट'ला होते. 'यू मस्ट नॉट पे द एजंट' वाचलं की निम्म्या जणी म्हणतात, एजंटाला पैसे द्यायची गरज नाही. नाही हो! अर्थ आहे, द्यायचेच नाहीत. गरज नाही म्हणायला 'नीड नॉट'. 'यू नीड नॉट कम टुडे', आज यायची गरज नाही, आलीस तरी चालेल. 'यू मस्ट नॉट कम', येऊच नकोस. हा फरक पक्का होईपर्यंत आम्ही दोन बैठका घेतल्या, आणि त्या वाया गेल्या असं मला वाटत नाही.

'मे'चेही दोन अर्थ. सर्दीच्या गोळ्यांवर 'मे कॉज ड्राउझिनेस' असतं. इथं परवानगीचा प्रश्न नाही, गुंगी येऊ शकते एवढंच. ती गोळी घेऊन स्कूटी चालवायची नाही.

आता कर्जाचा कागद. त्यात 'मस्ट'च्या जागी बहुतेक वेळा 'शॅल' येतो, आणि तो सक्तीचाच. बारकाईनं बघा, हप्ता भरायच्या वाक्यात कर्जदारासाठी 'शॅल' असतो, आणि व्याजदर बदलायच्या किंवा कर्ज परत मागायच्या वाक्यात देणाऱ्यासाठी 'मे'. सक्ती आपल्याकडे, मर्जी त्यांच्याकडे. म्हणून आम्ही कागदाची झेरॉक्स घेऊन 'शॅल'वर लाल आणि 'मे'वर हिरवी खूण करतो. हिरवी खूण असेल त्या प्रत्येक ठिकाणी विचारायचं, ही मर्जी कोणाची, आणि कधी वापरणार?

पण इंग्रजी शिकतोय म्हणून मराठी मागणं सोडू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूक्ष्म कर्जांच्या नियमांत, वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण कर्ज दिलं, तर कर्जकार्डावरच्या नोंदी कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हव्यात. मुदतीआधी असं कर्ज फेडलं तर दंड लावता येत नाही. कार्ड इंग्रजीत हातात ठेवलं, तर सरळ सांगा, मराठीतलं द्या.

पुढच्या बैठकीला घरातला एखादा इंग्रजी कागद आणा. विम्याचा, खताच्या पिशवीवरचा, कुठलाही चालेल. सगळा वाचायचा नाही. एक पान, दोन रंगांच्या पेन्सिली, आणि रांगोळी गटातल्या धाकटीनं आणायची.