तासाची पहिली पाच मिनिटं

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. पण आजही कितीतरी मुलांची जीभ त्या तासाला अडते. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाण्याकडच्या मुलांच्या घरात तर कोकणा बोली, त्यांना इंग्रजी ही तिसरी भाषा! म्हणून पुस्तक उघडण्याआधी पाच मिनिटं खेळा.

आपल्या भेंड्याच घ्या. नाशिकची द्राक्षं म्हणजे ग्रेप्स, शेवटचं अक्षर एस. पुढचा म्हणेल स्कूल, मग एलवरून लेमन, एनवरून नाशिक, केवरून काइट. आता गंमत बघा: कानाला शेवटी ‘ट’ ऐकू येतो, पण अक्षर आहे ई! उच्चार आणि स्पेलिंग यांतला फरक मुलांना इथं आपसूक सापडतो. कुणी अडलं तर बाद करू नका, शेजाऱ्याला मदत करू द्या.

‘शिवाजी म्हणतो’ हा खेळही इंग्रजीतून घ्या: सिट, स्टँड, जंप. इथं बोलावं लागत नाही, नुसतं ऐकून उठायचं-बसायचं. बुजऱ्या मुलांसाठी मला हाच सर्वांत मोलाचा वाटतो. आठवडाभरानं हुकूम द्यायचं काम त्यांच्यापैकीच एकाकडे सोपवा.