आधी ॲम्प, मग पेडल

इलेक्ट्रिक गिटार हे वाद्य एकटे फारसे बोलत नाही. नुसत्या तारा छेडल्या तर पलीकडच्या खोलीतही ऐकू जाणार नाही. तो आवाज मोठा करतो ॲम्प्लिफायर, म्हणजे वादकांच्या भाषेत 'ॲम्प'. गिटार आणि ॲम्प यांच्या मध्ये पायाने दाबायच्या लहान धातूच्या डब्या जोडतात, त्यांना पेडल म्हणतात. डिस्टॉर्शनचे पेडल आवाज खरखरीत करते, डिलेचे प्रतिध्वनी उमटवते, कोरसचे एका गिटारच्या दोन झाल्याचा भास देते.

गिटार शिकणाऱ्या मुलामुलींचा हट्ट असतो तो या पेडलचा. एकेक करत चार-पाच जमतात, ॲम्प मात्र पहिल्या गिटारबरोबर घेतलेला दहा वॉटचाच राहतो. मग तक्रार येते, की एवढे पैसे घालूनही आवाज गढूळच येतो. दोष बहुधा पेडलचा नसतो. खर्चाचा क्रम उलटा झालेला असतो.

ॲम्पला झेपेल त्यापेक्षा जास्त जोराचा विद्युत संदेश आला, की तो ध्वनिलहरींचे शेंडे कापू लागतो. त्यातून खरखर निर्माण होते. ही खरखर लोकांना आवडली, रॉक संगीत तिच्यावरच वाढले. पण खरखर पेडल देणार असेल, तर ॲम्पने तीत आपली भर घालू नये. डिलेचे प्रतिध्वनी आधीच फाटत असलेल्या ॲम्पमध्ये गेले, की मूळ सूर आणि पडसाद यांचा काला होतो. चित्र काढायचे तर कागद कोरा हवा. पेडल वापरणाऱ्याला असाच कोरा, म्हणजे आवाज वाढवला तरी स्वच्छ राहणारा ॲम्प हवा.

अशा ॲम्पची दोन नावे जगभर घेतली जातात. एक अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचा ट्विन रिव्हर्ब, १९६३ पासूनचा, व्हॉल्व्हवर चालणारा. दुसरा जपानच्या रोलँड कंपनीचा १९७५ चा जेसी-१२०, ट्रान्झिस्टरवर चालणारा. दोघांतही बारा इंची दोन स्पीकर, वजन तीस किलोच्या आसपास. दोन खोल्यांच्या घरात आणि बेताच्या पैशात हे बसणारे नाही. पण त्यांचा गुण लहान ॲम्पमध्येही शोधता येतो.

आपल्याकडे जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओबद्दल जसे जिव्हाळ्याने बोलतात, तसे गिटारवाले व्हॉल्व्हच्या ॲम्पबद्दल बोलतात. तो महाग असतो आणि व्हॉल्व्ह झिजले की बदलावे लागतात. स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्पला नावे ठेवतात ती मुख्यतः त्याच्या खरखरीला, ती कानाला टोचते म्हणून. पण ते काम आपण पेडलकडे दिले आहे. उरतो त्याचा स्वच्छ आवाज, आणि तो बऱ्याचदा चांगला असतो. कमी पैशात ट्रान्झिस्टर घ्यावा तो यासाठी. रोलँडचाच तीस वॉटचा जेसी-२२, फेंडरची चॅम्पियन मालिका, डिजिटल जातीतला बॉस कंपनीचा कटाना ५० हे ऐकून पाहण्यासारखे आहेत.

वॉटच्या आकड्याला भुलू नका. वॉट दुप्पट झाले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात. म्हणजे पन्नास आणि शंभर वॉटमध्ये फरक थोडाच. उलट स्पीकरची संवेदनशीलता तीन डेसिबलने जास्त असली, तर वॉट दुप्पट केल्यासारखेच होते. घरी रियाजाला वीस-तीस वॉट पुष्कळ झाले. ड्रमबरोबर वाजवायचे असेल तर ट्रान्झिस्टरचे पन्नास वॉट आणि बारा इंची स्पीकर पाहा. तिथे पंधरा वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्पही फाटू लागतो.

दुकानात जाताना आपली गिटार आणि नेहमीचे पेडल सोबत न्या. आधी पेडलशिवाय, सगळी बटणे मध्यावर ठेवून, सहाही तारा जोरात छेडा. आवाज हळूहळू वाढवा आणि कुठे फाटतो ते ऐका. मग हात थांबवून घरघर किती येते ते पाहा. शेवटी डिस्टॉर्शनचे पेडल लावून तोच कॉर्ड वाजवा. त्यातला एकेक सूर वेगळा कळत असेल, तर ॲम्प कामाचा. आत शंभर इफेक्ट भरलेत, हे ऐकून पैसे मोजू नका. ते तुमच्या पायाशी आहेतच.

एक सावधगिरी. परदेशातून नातेवाइकांकरवी ॲम्प मागवत असाल, तर त्याचे व्होल्टेज पाहून घ्या. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. तिथला ॲम्प इथे थेट जोडला तर जळू शकतो. योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याचा खर्च व वजन हिशेबात धरायला हवे.

पेडल बदलत राहतात, जुनी विकून नवी येतात. चांगला स्वच्छ ॲम्प त्या सगळ्यांना वर्षानुवर्षे पुरतो. म्हणून हाती पैसे थोडे असतील, तर दोन पेडल कमी घ्या आणि ते पैसे ॲम्पमध्ये घाला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)